पंधरा मार्कांची पेशी

पेपर सुटला तेव्हा पाच वाजले होते आणि जबलपूरचं ऊन मात्र अजून दुपारच्या दोनवरच अडून बसलं होतं. सदर बाजाराच्या पलीकडच्या एका शाळेच्या फाटकातून पोरं बाहेर पडत होती. दोरीच्या अलीकडे शे-दोनशे आईबाप माना उंचावून आपापलं लेकरू हुडकत होते. त्यात बाबाराव सगळ्यांच्या पुढे. डोक्याला गमछा, हातात पाण्याची बाटली आणि ओठांवर सकाळपासून जपून ठेवलेला एक विनोद. तो विनोद गेल्या वर्षीचाच होता, पण बाबारावला जुन्या विनोदाचं काही वावडं नव्हतं.

"काय वं पोरी, नीट गेली का नीट?"

प्रणाली हसली नाही. तिनं बाटली घेतली आणि घटाघटा पाणी प्यायली. सकाळी तपासणीत नाकातली चमकी निघता निघेना, तेव्हा फाटकावरच्या बाईनं साबण लावून ती ओढून काढली होती. तिथं अजून आग होत होती.

"गेली," ती म्हणाली.

"चांगली गेली?"

"गेली ना बाबा. चला आता."

नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, बसायची तिची ही दुसरी वेळ. गेल्या वर्षी सरकारी मेडिकल कॉलेजची सीट अकरा मार्कांनी हुकली होती. त्या दिवशी बाबारावनं जेवणाचं ताट बाजूला सारून सांगितलं होतं, "अजून एक साल. पण हे शेवटचं. तिसऱ्यांदा आपल्याच्यानं होत नाही." आपल्याच्यानं म्हणजे कोणाच्यानं, हे घरात सगळ्यांना कळलं होतं. पोरगी अभ्यासाला बसली की शेतातलं तिचं काम तिच्या आईच्या, शकुच्या अंगावर पडत होतं, आणि शकुचं अंग काही लोखंडाचं नव्हतं.

पाटनच्या बसमध्ये दीपा भेटली. दीपा पाटनचीच, कोचिंगमध्ये प्रणालीच्या शेजारी बसणारी. पोटात काही ठेवणं तिला जमतच नसे. बस सुटायच्या आधीच तिनं प्रश्नपत्रिका उघडून मांडीवर पसरली. प्रत्येक प्रश्नापुढे आपण काय लिहिलं त्याची खूण दोघींनीही पेनानं करून आणली होती.

"चल, बायो से शुरू करते हैं."

"नको ना दीपा. घर जाके देखेंगे."

"अरे, डर क्यों रही है? जो होना था सो हो गया."

नेमकी त्याचीच तर भीती होती. पण पुढच्या सीटवरून बाबारावनं मान वळवली. "मिळवा ना वं. मले बी ऐकू द्या," तो म्हणाला, आणि मग प्रणालीचा इलाज चालेना. तिनंही आपली प्रश्नपत्रिका काढली.

दीपा नंबर सांगायची आणि दोघी एकदम उत्तर बोलायच्या. जुळलं की बाबाराव स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारायचा. पहिल्या वीस प्रश्नांत त्यानं अठरा थापा मारल्या. शेजारचा म्हातारा त्याच्याकडे संशयानं पाहू लागला, तेव्हा बाबारावनं त्यालाही सांगून टाकलं, "बिटिया है. डॉक्टरी का पर्चा देकर आई है." प्रणालीच्या छातीतलं ओझं थोडं हललं. आपल्याला जमलं की काय, असंही तिला एक क्षणभर वाटून गेलं.

"छत्तीस," दीपा म्हणाली. "पेशी में ऑक्सीजन जमा रखने वाला लाल वर्णक. मायोग्लोबिन. ये तो फ्री के चार नंबर थे यार."

प्रणालीच्या तोंडात हिमोग्लोबिन आलं होतं, ते तिथंच अडकलं.

कागदावर तिचीच खूण होती. हिमोग्लोबिन. तिनं प्रश्न पुन्हा वाचला आणि मे महिन्यात, खच्चून भरलेल्या बसमध्ये, तिचे हात गार पडले. हिंदीत पेशी म्हणजे अंगातलं मांस, दंडात-पोटरीत असतं ते. मराठीत पेशी म्हणजे जीवाचा सगळ्यात बारीक कण, ज्याला हिंदी पुस्तकात कोशिका म्हणतात. हे काय तिला माहीत नव्हतं? पहिलीपासून ती हिंदीतूनच शिकत होती. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण हॉलमध्ये दुसऱ्या तासाला घसा कोरडा पडला होता, घामानं पेन सरकत होतं, आणि तेव्हा 'पेशी' आणि 'लाल' हे दोन शब्द तिनं घरच्या भाषेत वाचले. डोळ्यांपुढे सरळ रक्तातली तांबडी पेशी आली. गोल काळा करताना तिला बरंसुद्धा वाटलं होतं.

"तेरा क्या है?"

"वही," प्रणाली म्हणाली आणि खुणेवर अंगठा ठेवला. "मायोग्लोबिन."

"जुळलं?" बाबारावनं विचारलं.

"जुळलं, बाबा."

बाबारावनं थाप मारली. पुढे दीपा काय वाचत होती ते प्रणालीला नीट ऐकू येत नव्हतं. ती पानांवरून तो एकच शब्द शोधत होती. एकोणपन्नासाव्यात सापडला. ब्याऐंशीत सापडला. दोन्हीकडे तिनं पेशी म्हणजे कोशिकाच धरलं होतं. तीन प्रश्न. प्रत्येकाचे चार गेले आणि चुकल्याचा एक कापला जाणार. पंधरा. बसनं पाटनचं वळण घेतलं तेव्हा ती खिडकीतून वाकून ओकली. बाबारावनं तिची पाठ चोळली. "सकाळपासून उपाशी आहे लेकरू," तो दीपाला म्हणाला.

त्यांचं गाव पाटनपासून चार किलोमीटर आत. गावात मराठी घर हे एकच. बाबारावचे वडील वरूडकडून रेल्वेत गँगमन म्हणून आले आणि पेन्शनीत जाताना इथं साडेचार एकर घेऊन बसले. बाबाराव मात्र दहावीपर्यंत वरूडला मामाकडे राहून मराठी शाळेत शिकला, विज्ञानात वर्गात पहिला, आणि त्याचा त्याला अजून अभिमान. "बाहेर काय बोलायचं ते बोला, उंबऱ्याच्या आत मराठी," असा त्याचा कायदा. प्रणाली सहा-सात वर्षांची असल्यापासून म्हशीची धार काढता काढता तो तिला प्रश्न विचारायचा. पेशी म्हणजे काय? पेशीच्या आत काय? तिनं बरोबर सांगितलं की तो म्हशीलाच सांगायचा, "ऐकलं का?" डॉक्टर व्हायचं वेड त्या गोठ्यातच तिच्या डोक्यात शिरलं होतं.

म्हणून तर तिची जीभ उचलेना. सीट गेली असेल ही एक भीती. ती काहून गेली हे बाबाला कळेल, ही दुसरी. रात्रंदिवस दोन्ही भीती तिच्या उशाशी होत्या आणि त्यातली मोठी कोणती हे तिला ठरवता येईना.

इकडे बाबारावला धीर कुठला! दुसऱ्याच दिवशी दूध घालायला गेला आणि दूधकेंद्रावर सगळ्यांसमोर सांगून आला, सगळे जुळले म्हणून. दूधकेंद्र चालवणारा मोहन भैया बोलका माणूस. त्यानं ती बातमी दुधाच्या गाडीच्या आधी गावभर पोचवली. तिसऱ्या दिवशी शर्मिला चाची हातात कागद घेऊन ओट्यावर हजर.

"बिटिया, जरा देख तो. शुगर कितनी है?"

"चाची, मैं अभी डॉक्टर थोड़ी हूँ."

"अरे, हो ही गई समझो. बाबाराव जी झूठ थोड़ी बोलेंगे."

प्रणालीनं कागद पाहिला, आकडा वाचून दाखवला आणि दवाखान्यात जायला सांगितलं. चाचीनं तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. तो हात डोक्यावर असेपर्यंत तिला वाटत होतं की आपण कोणाचं तरी काही चोरलं आहे.

परीक्षा झाली तशी ती शेतात गेली. उन्हाळी मूग फुलावर होता आणि त्याला पाणी तोडून चालत नाही. सकाळी दहाला वीज यायची. तुषार सिंचनाचे पाइप एका ओळीतून काढून दुसऱ्या ओळीत मांडायचे, तीन तासांनी पुन्हा उचलायचे. पाइप वजनाला फार नसतो, पण वीस फुटांचा. आत पाणी राहिलं की एका टोकाला झुकतो आणि उचलणाऱ्याचा खांदा ओढतो. वर्षभर हे प्रणालीचं काम शकुनं केलं होतं. संक्रांतीच्या सुमारास चिखलात तिचा पाय सरकला, पाइप सोडायचा सोडून तिनं तो धरून ठेवला, आणि उजव्या खांद्यात काहीतरी कट्‌कन वाजलं. जबलपूरच्या डॉक्टरनं तीन महिने हात हलवू नका म्हणून सांगितलं. शकुनं तीन दिवस ऐकलं.

"सोड वं, मी धरतो ते टोक," प्रणाली म्हणायची.

"तू मागून ये. मले सवय आहे," शकु डाव्या हातानं पाइप कमरेवर टेकवून म्हणायची. उजवा हात नुसता सोबतीला लावलेला असायचा. पाइप खाली ठेवताना ती ओठ दाबायची आणि प्रणाली दुसरीकडे पाहायची.

आठवडा असा गेला. एका दुपारी वीज गेली तेव्हा तिघं शेताच्या धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडाखाली जेवायला बसली. भाकरी, चटणी, कांदा. शकु डाव्या हातानं कांदा दगडावर फोडत होती. बाबारावनं पिशवीतून चष्मा काढला आणि मग प्रश्नपत्रिका काढली. ती घरातून त्यानं कधी उचलली होती कोणास ठाऊक.

प्रणालीचा घास तोंडातच राहिला. "हे काहून आणलं, बाबा?"

"अवं, म्हटलं पाहावं आपल्याले किती येते. मी बी सायन्सवाला आहो." तो पानं उलटत होता. "हे फिजिक्स काही मले झेपत नाही. हे पाय, बायो. इथं आपलं राज्य."

"जेवा ना आधी."

"जेवून राहिलो ना. तू घाबरते काहून? तुह्याच तर खुणा आहेत." तो बोट ठेवून मोठ्यानं वाचू लागला. दोन-तीन प्रश्न त्यानं सोडून दिले, एकाचं उत्तर बरोबर दिलं आणि स्वतःच खूश झाला. "हं, छत्तीस. पेशी में ऑक्सीजन... लाल वर्णक. वर्णक म्हणजे रंगद्रव्यच ना वं?"

"हो."

"मंग हे तं हिमोग्लोबिन! रक्ताची तांबडी पेशी, त्यातलं हिमोग्लोबिन. किती डाव घोकलं आपण गोठ्यात!" त्यानं खूण पाहिली आणि त्याचा चेहरा उजळला. "अन् पाय ना, तूनं बी तेच केलं! शाबास. बापाचं शिकवलेलं वाया नाही गेलं."

प्रणालीला वाटलं, आता जमीन फाटावी. वारा पडला होता. झाडाची पानंसुद्धा हलत नव्हती.

शकुनं कांद्याची फोड बाबारावच्या भाकरीवर ठेवली. "पेशी तं हे ना?" तिनं खांद्याला हात लावला. "डॉक्टर म्हणे, पेशी फट गई है. तुमीच तं होते संगं."

"ते मांसपेशी वं. तुले नाही समजत."

"मंग ते अन् हे येगळं आहे का?"

बाबाराव पुन्हा कागदाकडे वळला. हिंदीच्या बाजूला तोच प्रश्न इंग्रजीत छापलेला होता. त्या बाजूला आजवर ना बापानं पाहिलं होतं ना लेकीनं. त्यानं चष्मा वर सरकवला आणि एकेक अक्षर जोडत वाचलं, "म... मसल."

मुगात होले पक्षी उतरले होते, त्यांना हाकलायलाही कोणी उठलं नाही.

"प्रणाली," बाबाराव म्हणाला. तो तिला पोरी म्हणायचा. नावानं हाक फार क्वचित. "हे तुले माहीत होतं?"

"बसमध्येच समजलं, बाबा."

"अन् ते दीपा म्हणे ते?"

"तिचं बरोबर होतं. माझं जुळलं नव्हतं. मी खोटं बोलली."

त्यानं पुढची पानं उलटली. तोही आता तोच शब्द शोधत होता, आणि तो सापडला की त्याचं बोट तिथं थांबत होतं. एकोणपन्नास. ब्याऐंशी. "अजून आहेत?"

"नाही. तीनच."

"म्हणजे किती?"

"पंधरा."

बाबारावनं प्रश्नपत्रिकेची घडी केली, चष्मा काढून खिशात ठेवला. अर्धी भाकरी तशीच टाकून तो उठला आणि उन्हात गेला. वीज आलेली नव्हती, पाणी चालू नव्हतं, पण तो एक पाइप उचलून पलीकडच्या ओळीत नेऊन ठेवत होता. मग परत येऊन दुसरा. शकुनं त्याला हाक मारली नाही. तिनं उरलेली भाकरी फडक्यात बांधली. "मी बोलायलेच नको होतं का वं?" तिनं लेकीला हळूच विचारलं. प्रणालीला रडू फुटलं, आईच्या डाव्या कुशीत तोंड खुपसून ती रडली, उजव्या बाजूला धक्का लागणार नाही अशा बेतानं.

त्यानंतर घर चालायचं तसं चालत होतं, फक्त बाबाराव बोलायचा थांबला. रागावला असता तर बरं झालं असतं. गोठ्यात तो मान खाली घालून धार काढायचा आणि प्रणाली आली की बादली उचलून निघायचा. दूधकेंद्रावर जाणंही त्यानं सोडलं. "तू जाऊन ये," एवढंच म्हणायचा. मग कॅन घेऊन प्रणालीच जायची. मोहन भैया रोज मोठ्यानं म्हणायचा, "आओ डॉक्टरनी साहिबा!" रांगेतल्या बाया बाजूला होऊन तिला पुढे करायच्या. ती कॅन रिकामा करून पळाल्यासारखी परत यायची. परत येताना तिला वाटेतलं प्रत्येक दार टाळावंसं वाटायचं.

कोचिंगचे सर फोनवर म्हणाले, यंदाची कटऑफची रेषा खाली येऊ शकते, धीर धर. तिनं तेवढा एक धागा धरून ठेवला. मूग पिकला, शेंगा काळ्या पडल्या, तोडणी सुरू झाली. शेंगा तोडता तोडता ती मनात तेच गणित करायची आणि प्रत्येक वेळी एखाददुसरा मार्क इकडून तिकडून जुळवून पाहायची.

जूनच्या मध्यावर निकाल लागला. फोनच्या पडद्यावर आकडा आला तेव्हा तिघंही ओट्यावर होती. सरांनी सांगितलेल्या रेषेपेक्षा नऊ कमी.

नऊ. त्या तिनातले दोन प्रश्न हाती राहिले असते तरी झालं असतं. हे गणित कोणी मोठ्यानं मांडलं नाही, पण तिघांनीही ते केलं. प्रणालीच्या कानात सूं सूं आवाज येत होता. महिनाभर ज्याची भीती वाटली ते घडलं होतं, आणि भीती काही गेली नव्हती. आता शेवटचं साल संपलं होतं. बाबाचा शब्द होता.

संध्याकाळी धार झाली. प्रणालीनं सवयीनं कॅन उचलला. बाबारावनं तो तिच्या हातातून घेतला.

"आज मी जातो."

"बाबा, आज नका जाऊ. सगळे विचारतील."

"म्हणूनच." तो चप्पल घालू लागला.

शकुनं दारातून लेकीला ढकललं. "जा संगं. एकटा नको जाऊ दे त्याले."

दूधकेंद्रावर गर्दी होती. महिन्यानं बाबाराव दिसला तसा मोहन भैयानं मापाचं भांडं खाली ठेवलं. "अरे बाबाराव जी! रिजल्ट आ गया न? मिठाई कहाँ है?"

प्रणाली बापाच्या मागे उभी होती. त्याच्या सदऱ्याची पाठ घामानं चिकटलेली तिला दिसत होती. तिला वाटलं, आता तो काहीतरी सांगून वेळ मारून नेईल. तिला तेच हवं होतं.

"नहीं हुआ," बाबाराव म्हणाला. "नौ नंबर से रह गई."

शर्मिला चाचीनं तोंडावर पदर घेतला. मागून कोणीतरी म्हणालं, "आप तो बोल रहे थे सब मिल गए."

"मैं गलत बोला था." त्यानं कॅन खाली ठेवला आणि गमछ्यानं तोंड पुसलं. "बिटिया की गलती नहीं है. उसको एक शब्द मैंने सिखाया था, बचपन से. पर्चे में उसका मतलब दूसरा था. पंद्रह नंबर वहीं गए. वो पंद्रह नंबर मेरे हैं. किसी को कुछ पूछना है तो मुझसे पूछो. रास्ते में इसको मत रोकना."

ज्या माणसानं उंबऱ्याआत कधी हिंदी येऊ दिली नाही, तो गावासमोर हिंदीत एकेक शब्द जुळवून उभा होता. प्रणालीला त्याचा सदरा धरून त्याला घरी न्यावंसं वाटलं.

मोहन भैया बोलका असला तरी वाईट माणूस नव्हता. त्यानं कॅनमधलं दूध हळूच ओतून घेतलं. मग विचारायचं तेच विचारलं. "तो अब? आगे क्या करेगी?"

सगळे बाबारावकडे पाहू लागले. हा प्रश्न बापाचाच होता, आणि त्याचं उत्तर त्यानं वर्षापूर्वी ताट सारून दिलेलं होतं. बाबाराव वळला आणि लेकीकडे पाहत राहिला. आजवर तिनं काय करायचं ते तो सांगायचा. आज तो विचारत होता.

पुन्हा हाताला घाम सुटला. आईचा खांदा, ते पाइप, पुन्हा तीन तासांचा तो हॉल, सगळं एकदम अंगावर आलं. नाही म्हणणं किती सोपं होतं.

"पुढच्या वर्षी," ती म्हणाली. "मी अजून एक डाव बसतो."

भीतीत तिच्या तोंडून घरचीच भाषा निघाली होती. मोहन भैयाला काही उमगलं नाही. तो बाबारावकडे पाहू लागला. "क्या बोली?"

बाबाराव घुटमळला. शब्द चुकू नये म्हणून त्यानं तो आधी मनात म्हणून पाहिला, हे प्रणालीला त्याच्या हलणाऱ्या ओठांवरून दिसलं.

"बोल रही है," तो म्हणाला, "अगले साल."